पडला, पण चीत नाही

वारणानगरच्या कुस्ती मैदानात एखादा मल्ल पाठीवर गेला की कुस्ती निकालात निघाली की नाही, हे हजारो माणसांना एकाच क्षणी कळतं. पंचाचा हात वर जायच्या आधी कळतं. पैलवान गुडघ्यावर आला, पोटावर दाबला गेला, कुशीवर लोळला, तरी जागचं कुणी हलत नाही. दोन्ही खांदे मातीला टेकले, अस्मान दिसलं, की मग मात्र फेटे उडतात आणि हलगीचा ठेका बदलतो. दर डिसेंबरात, इथला साखर कारखाना उभारणाऱ्या तात्यासाहेब कोरे यांच्या पुण्यतिथीला हे मैदान भरतं. कारखान्याचा गळीत हंगाम ऐन भरात असतो, रस्त्याने उसाच्या गाड्या चाललेल्या असतात, तरी वारणा नदीच्या दोन्ही तीरांवरची माणसं वेळ काढून येतात. त्या गर्दीतल्या कुठल्याही जाणत्या माणसाला पडणं आणि चीत होणं यातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

त्याच गर्दीतला एखादा नातू दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या वाचनालयात इंग्रजी पेपर उघडतो. परदेशातल्या एखाद्या स्पर्धेची बातमी असते आणि तिच्यात लिहिलेलं असतं, अमुक मल्ल ‘बाय फॉल’ जिंकला. फॉल म्हणजे पडणं, हे त्याने शाळेत पाठ केलेलं. मग पडलं कोण, आणि पडून जिंकलं कसं, इथं तो अडतो. पान उलटतो. मनात एक हार बसते, की इंग्रजी काही आपल्याला येत नाही.

हे मनन त्या मुलासाठी आहे, त्याच्या बहिणीसाठी आहे, आणि असं पान ज्यांनी कधी ना कधी उलटलं त्या सगळ्यांसाठी आहे. घाई करू नका. एका बैठकीत सगळं संपवलं पाहिजे असंही नाही. एखाद्या वाक्यापाशी थांबलात आणि तिथंच रमलात, तरी बैठक वाया गेली नाही.

तर बसा. घराच्या सोप्यात, वसतिगृहाच्या खोलीत, वारणेच्या काठाला, जिथं असाल तिथं. मोबाइल उपडा ठेवा. ‘फॉल’ हा शब्द मनात घ्या आणि त्याचा मराठी अर्थ लगेच आठवू नका. आधी माणूस आठवा. तुम्ही पाहिलेली शेवटची निकाली कुस्ती डोळ्यांपुढं आणा. खालचा मल्ल मान आणि पाय रोवून अंग वर पेलून धरतो आहे. मानेच्या शिरा ताठल्या आहेत. एक खांदा मातीला लागला आहे, दुसरा चार बोटं वर आहे. वरचा मल्ल आपलं सगळं वजन त्या दुसऱ्या खांद्यावर आणतो आहे. पहिला निसटू द्यायचा नाही आणि दुसरा टेकवायचा, असं त्याचं काम आहे. चार बोटांची तीन होतात, तिनाची दोन. आता टेकला. हा क्षण मनात धरून ठेवा.

इंग्रजी बातमीदार या क्षणाला ‘फॉल’ म्हणतो. गादीवरच्या कुस्तीतही दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला लागावे लागतात आणि पंचाची खात्री होईपर्यंत तसेच धरून ठेवावे लागतात. एका लढतीत मल्ल दहा वेळा पडेल. फॉल एकदाच होतो आणि तिथंच लढत संपते. म्हणजे ‘बाय फॉल’ जिंकला म्हणजे चितपट जिंकला. हा अर्थ तुम्हाला लहानपणापासून येतच होता; शब्दामागचा माणूस तेवढा कुणी दाखवला नव्हता.

त्याच बातमीत पुढं ‘टेक्निकल सुपिरिऑरिटी’ असेल, तर तिथं कुणी चीत झालेलं नाही हे ओळखा. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली, ग्रीको-रोमनमध्ये आठ, की पंच लढत थांबवतात. ‘टेकडाउन’ म्हणजे उभ्या मल्लाला खाली आणून ताबा घेणं. त्याचे दोन गुण. मैदानी कुस्तीचा डोळा या गुणांना सरावलेला नसतो, कारण नुसता ताबा घेऊन आपल्याकडे कुस्ती होत नाही. म्हणून ते शब्द परके वाटतात. गादीची कुस्ती दोनदा नीट पाहिली की ते आपोआप सैल होतात. त्यांच्यावर फार वेळ घालवायला नको.

आता दुसरं वाक्य. ‘शी वन हँड्स डाउन.’ डोळे मिटून ते दोन-तीनदा मनात म्हणा, आणि आपल्या कानाला काय ऐकू येतं ते प्रामाणिकपणे पाहा. मराठी कानाला ऐकू येतं: तिने हात टेकले. आपल्याकडे हात टेकणं म्हणजे आता आपल्याच्याने होत नाही असं कबूल करणं. डॉक्टरांनी हात टेकले, समजूत घालणाऱ्यांनी हात टेकले, असं आपण रोज बोलतो. मग हात टेकून ती जिंकली कशी? हा गोंधळ तुमच्या बुद्धीचा नाही. दोन भाषांनी दोन वेगळी माणसं पाहिली आणि दोघांचेही हात नेमके खाली होते.

इंग्रजीने पाहिलेला माणूस घोड्यावर आहे. शर्यतीचा शेवटचा टप्पा आहे. एरवी या टप्प्यात जॉकी घोड्याला रेटत असतो, लगाम धरलेले हात एकसारखे पुढं-मागं चालत असतात. पण याचा घोडा इतका पुढं निघून गेला आहे की रेटायची गरजच उरली नाही. तो लगाम सैल सोडतो, हात खाली आणतो आणि तसाच अंतिम रेषा ओलांडतो. त्या जॉकीच्या खांद्यांकडे पाहा, किती मोकळे आहेत. मग आपला हात टेकलेला माणूस पाहा, दमलेला, वाकलेला. दोघांना थोडा वेळ शेजारी शेजारी राहू द्या. एकाला घालवून दुसऱ्याला आणायचं नाही. आपला वाक्प्रचार आपल्या जागी खरा आहे, त्यांचा त्यांच्या जागी. गाठ सोडवायची म्हणजे एवढंच करायचं असतं.

घोड्यांच्या शर्यतीने इंग्रजी क्रीडापानाला बरंच दिलं आहे. ‘डार्क हॉर्स’ काळा असायची गरज नाही; ज्याची कुणाला माहितीच नाही, जो अंधारात आहे, तो घोडा. ‘वॉकओव्हर’ म्हणजे शर्यतीला दुसरा घोडाच आला नाही, तेव्हा एकट्याने चालत जाऊन अंतर पुरं केलं तरी जिंकला. आपल्या क्रीडापानांनी याला ‘पुढे चाल’ म्हटलं. चालण्याचा धागा त्यात नकळत का होईना टिकला आहे.

तिसरं वाक्य जड आहे. ते हलक्या हाताने घ्या, कारण त्यात एका मुलीचं दुःख आहे. ७ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कुस्तीगीर विनेश फोगाट काट्यावर उभी राहिली. आदल्या दिवशी तिने एकही आंतरराष्ट्रीय लढत न हरलेल्या जपानच्या युइ सुसाकीला हरवलं होतं आणि ५० किलो गटाची अंतिम फेरी गाठली होती. रात्रभर घाम गाळून, केस कापूनही काटा १०० ग्रॅम जास्त दाखवत होता. ती अपात्र ठरली. इंग्रजीत अशा वेळी ‘फेल्ड टु मेक वेट’ असं लिहितात.

वारणेच्या खोऱ्यातल्या माणसाच्या कानाला हे वाक्य कसं लागतं, त्याकडे लक्ष द्या. आपल्याला काटा म्हटलं की कारखान्याचा काटा आठवतो. तिथं वजन भरणं म्हणजे जास्त होणं, आणि वजन भरलं नाही म्हणजे ऊस कमी पडला. म्हणून हे वाक्य वाचताना मनात उलटंच चित्र उभं राहतं: मुलगी हलकी पडली असावी, अशक्त असावी. खरं चित्र याच्या अगदी विरुद्ध आहे. कुस्तीत ‘वेट मेक’ करणं म्हणजे ठरलेल्या आकड्यावर किंवा त्याच्या खाली येणं. तालमीतल्या पोरांना हे सांगावं लागत नाही. स्पर्धेच्या आधी पाणी तोडून, अंगावर कपड्यांवर कपडे चढवून पळणारा मल्ल त्यांनी पाहिलेला असतो. त्या मल्लाच्या कोरड्या ओठांकडे पाहा आणि मग ते वाक्य पुन्हा वाचा. आता ते उलटं लागणार नाही. शंभर ग्रॅम म्हणजे किती, हेही तळहातावर मनाने तोलून पाहा.

इथं थोडं थांबू या.

आतापर्यंत आपण काय करत आलो? शब्द आला की त्याचा प्रतिशब्द शोधला नाही. तो शब्द पहिल्यांदा कुठल्या जमिनीवर उच्चारला गेला असेल, तिथं कोण उभं होतं, कुणाच्या अंगाला काय होत होतं, हे पाहिलं. खेळाची भाषा अंगातून आलेली असते, मग ती कुठल्याही देशाची असो. म्हणून तिच्याकडे अंगाच्या वाटेनेच जाता येतं. कुस्ती निवेदक असतात ना, कोथळीच्या शंकर पुजारींसारखे, त्यांचं बोलणं ऐकून आपण मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बसूनही डाव ओळखतो. घिस्सा, ढाक, धोबीपछाड, एकलांगी हे शब्द आपण कुठल्या पुस्तकातून शिकलो? ऐकलं आणि त्याच वेळी पाहिलं, म्हणून आले. इंग्रजी क्रीडापानाचंही असंच आहे. आपण ते पाहण्याआधी वाचतो, इतकीच आपली अडचण आहे.

आता मी ज्या वाक्यापाशी सर्वांत जास्त वेळ बसलो आहे ते घेतो. ‘थ्रू इन द टॉवेल.’ पेपरात याचा अर्थ सरसकट ‘हार मानली’ असा होतो. कुणा कर्णधाराने टॉवेल फेकला, कुठल्या संघाने दुपारीच टॉवेल फेकला, असं लिहिलं जातं आणि त्यात नेहमी एक हिणकस छटा असते, की यांच्यात दम नव्हता.

मुष्टियुद्धाच्या रिंगणात चला. चौकोनी रिंगण आहे, चारी बाजूंनी दोर आहेत. एका कोपऱ्यात मुष्टियोद्ध्याचा माणूस उभा आहे. तोच त्याला पाणी देतो, भुवईवरची जखम दाबतो, दोन फेऱ्यांमधल्या मिनिटभरात कानाशी बोलतो. त्याच्या खांद्यावर टॉवेल आहे. समोर त्याचा पोरगा मार खातो आहे. हात वर येत नाहीत, डोळा सुजून मिटला आहे, पण तो खाली बसत नाही, कारण खाली बसायचं नाही हेच त्याला शिकवलेलं आहे. ज्याने शिकवलं तो कोपऱ्यात उभा आहे. आता पुढचा ठोसा कायमचा बसू शकतो, हे त्या कोपऱ्यातल्या माणसाला कळतं. तो टॉवेल रिंगणात फेकतो. लढत थांबते.

आता नीट पाहा, टॉवेल कुणी फेकला? लढणाऱ्याने नाही. तो तर अजून उभा होता. टॉवेल फेकणाऱ्याने पोराचा जीव राखण्यासाठी स्वतःची वर्षानुवर्षांची मेहनत त्या क्षणी जमिनीवर टाकली. आपल्या तालमीत वस्ताद असतात. पठ्ठ्याचा खांदा निखळला आहे, तो दातओठ खाऊन उभा आहे, आणि वस्ताद आखाड्यात उतरून कुस्ती सोडवायला सांगतात. त्या वस्तादाला कुणी भित्रा म्हणेल का? म्हणून हे वाक्य खेळाडूच्या तोंडावर मारणं मला अन्यायाचं वाटतं. इंग्रजी पेपरवाल्यांनी ते झिजवून झिजवून त्यातली माया काढून टाकली आहे. ते तुम्हाला पेपरात दिसलं की रूढ अर्थ समजून घ्या, परीक्षेत तोच लिहा. पण मनात कोपऱ्यातल्या त्या माणसाला जागा ठेवा.

याच रिंगणातून ‘ऑन द रोप्स’ आलं, पाठ दोरांना लागलेला, मागं सरायला जागा न उरलेला माणूस. ‘बिलो द बेल्ट’ आलं, कमरेखालचा वार. ही चित्रं आता तुमची तुम्हालाच दिसतील.

क्रिकेटकडे वळू. क्रिकेटमध्ये एकच शब्द सर्वांत जास्त घोटाळा करतो, तो ‘विकेट’. पेपरातल्या एका परिच्छेदात तो चार अर्थांनी येऊ शकतो. मधली बावीस यार्डांची पट्टी म्हणजे विकेट. तिच्या दोन टोकांना रोवलेल्या यष्ट्या म्हणजे विकेट. बाद झालेला फलंदाज म्हणजे विकेट. आणि जे बाद व्हायचे राहिले तेही विकेट; ‘वन बाय फाइव्ह विकेट्स’ म्हणताना याच शिल्लक माणसांची मोजणी असते. नवख्या वाचकाला वाटतं, पाच बळी घेतले म्हणून जिंकले. आपल्या मराठी क्रीडापानाने या चारांना चार घरं दिली: खेळपट्टी, यष्टी, बळी, गडी. आणि ‘पाच गडी राखून’ या शब्दांत तर निकालाचा सगळा हिशेब उलगडून ठेवला. राखून! शेवटच्या फळीपर्यंत न जाता, पदरी माणसं शिल्लक ठेवून. इंग्रजी वाक्य वाचून झालं की मनात हळूच ‘राखून’ म्हणून पाहा, ते लगेच सरळ होईल.

‘स्टिकी विकेट’ हे त्यातलंच एक. आज राजकारणाच्या बातम्यांतही ते अडचणीची परिस्थिती म्हणून येतं, पण ज्या चिकट खेळपट्टीवरून ते आलं ती आता कसोटीत दिसतच नाही. खेळपट्ट्या पावसात उघड्या राहत असत तेव्हाची ती गोष्ट. रात्री पाऊस पडायचा, सकाळी कडक ऊन यायचं, वरचा थर वाळू लागायचा आणि खाली ओल राहायची. मग एकाच टप्प्यावरून एक चेंडू छातीवर उसळायचा, दुसरा घोट्याशी घसरायचा. ऑस्ट्रेलियातलं ब्रिस्बेन त्यासाठी बदनाम होतं. पुढं खेळपट्ट्या झाकल्या जाऊ लागल्या आणि ती चिकट पट्टी गेली. वाक्य मागं राहिलं. हे एकदा लक्षात आलं की आजच्या मैदानात ते शोधत बसायची गरज राहत नाही. तसंच ‘हॅट-ट्रिक’चं. १८५८ साली इंग्लंडमधल्या शेफील्डला एच. एच. स्टीफन्सनने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले, तेव्हा वर्गणी काढून त्याला टोपी दिली गेली. त्या टोपीची हॅट्ट्रिक आज आपल्या निवडणुकीच्या बातम्यांत फिरते आहे.

शून्यावर बाद झालेल्या फलंदाजाला इंग्रजी ‘डक’ म्हणते, कारण धावफलकावरच्या शून्यात तिला बदकाचं अंडं दिसलं. आपल्याला त्याच शून्यात भोपळा दिसला. आपण म्हणतो, भोपळाही फोडता आला नाही. इथं मला खूप आनंद होतो. एकच गोल आकृती पाहून दोन लोकांना आपापल्या परसातलं काहीतरी आठवलं. जो हे पाहू शकतो त्याला इंग्रजीचं भय वाटायचं कारण उरत नाही.

मराठीत क्रिकेट आणणाऱ्यांनी हेच केलं होतं. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचं धावतं वर्णन केलं. वि. वि. करमरकरांनी महाराष्ट्र टाइम्समध्ये खेळाला रोजचं हक्काचं पान मिळवून दिलं. त्या पिढ्यांच्या कानांवर आणि डोळ्यांवर जे शब्द स्थिरावले त्यांच्याकडे पाहा: त्रिफळाचीत, पायचीत, यष्टिचीत, धावचीत. चीत हा आखाड्यातला शब्द. क्रिकेटमध्ये कुणाची पाठ जमिनीला लागत नाही. तरी बाद होणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायचं तर लाल मातीतूनच सांगावं, असं कुणाला तरी वाटलं आणि ते सगळ्यांना पटलं. असं भाषांतर डोळे उघडे ठेवून झालेलं असतं.

डोळे मिटून केलेलं भाषांतर आज फार वाढलं आहे. एक नमुना घ्या. इंग्रजीत कर्णधार मुलाखतीत ‘ॲट द एंड ऑफ द डे’ म्हणतो. त्याचा अर्थ ‘शेवटी काय’ किंवा ‘सरतेशेवटी’ इतकाच. त्याचं मराठी छापून येतं, ‘दिवसाच्या शेवटी संघभावना महत्त्वाची असते.’ कसोटी सामन्याच्या बातमीत हे वाक्य आलं तर साध्या वाचकाने काय समजावं? तो म्हणणार, दिवसाचा खेळ थांबल्यावर संघभावना लागते, मग सकाळी काय लागतं? वाचकाचा यात काहीही दोष नाही. मराठीत लिहिणाऱ्यांनी हे थांबवलं पाहिजे, आणि तसं मी कळकळीने म्हणतो आहे. इंग्रजी समजलं नाही तर एक वाचक अडतो. न समजता मराठीत उतरवलं तर हजारो अडतात.

आणखी एका गोष्टीकडे मन नेऊ. शब्दाला लागलेल्या रक्ताकडे. इंग्रजी क्रीडापानात गोलंदाज ‘स्काल्प्स’ घेतो. स्काल्प म्हणजे शत्रूच्या डोक्याची केसांसकट सोललेली कातडी. आपला शब्द ‘बळी’, तोही वेदीवरचा. धूळ चारली, धुव्वा उडवला, पाणी पाजलं, लोळवलं, हे आपण रोज वाचतो. मी हे शब्द काढून टाका म्हणत नाही. खेळात ईर्षा असते, तिची भाषा तिखटच असणार. पण असा शब्द आला की त्याच्या दुसऱ्या बाजूला असलेल्या खेळाडूचा चेहरा क्षणभर पाहा. धूळ ज्याच्या तोंडात गेली तोही कुणाच्या तरी गावचा आहे.

याच्या उलट काही शब्द सौम्य दिसतात आणि आत बोचतात. ‘सेटल्ड फॉर ब्रॉन्झ.’ म्हणजे कांस्यावर समाधान मानलं. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकलं. पात्रता फेरीत तो सातवा होता. गुडघ्यावर बसून, मग पोटावर आडवं होऊन, मग उभं राहून गोळ्या झाडायच्या, आणि प्रत्येक वेळी श्वास असा धरायचा की रायफलचं टोक केसभरही हलू नये. सातव्यावरून तिसऱ्यापर्यंत आलेल्या त्या मुलापुढं हे वाक्य ठेवून पाहा. ते टिकत नाही, गळून पडतं. कांबळवाडीत त्या दिवशी कुणी समाधान मानलं नाही, गाव नाचलं. बातमीदाराच्या वाक्यापेक्षा मैदानावरचं खरं मोठं असतं, आणि वाचकाला असं वाक्य मनातून बाजूला ठेवायचा अधिकार आहे.

भाषा स्वतःही बदलते, हे या ओघात सांगितलं पाहिजे. सप्टेंबर २०२१ मध्ये क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीने त्या नियमांत ‘बॅट्समन’ऐवजी ‘बॅटर’ केलं. डावखुऱ्या मनगटी फिरकीला इंग्रजीत ‘चायनामन’ म्हणत. एका देशाच्या माणसांना चिकटलेला तो शब्द ‘विस्डेन’ या क्रिकेटच्या वार्षिकाने २०१८ पासून सोडला. जुन्या पेपरांत हे शब्द भेटतील, नव्यांत भेटणार नाहीत, म्हणून दोन्ही माहीत हवेत. मराठीला यातलं पहिलं काम करावंच लागलं नाही. फलंदाज आणि गोलंदाज हे शब्द कुणालाही बसतात. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाला फलंदाज म्हणताना मराठी पेपरला क्षणभरही अडखळावं लागलं नाही.

शेवटचं वाक्य आता नको. शेवटी एक माणूस घेऊ, आणि त्याच्याजवळ जरा जास्त वेळ बसू.

गोळेश्वरचे खाशाबा जाधव. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ ला लंडनच्या ऑलिम्पिकला गेले तेव्हा मातीचा सराव होता, गादीचा नव्हता, आणि तिथले नियमही नवे होते. तरी फ्लायवेटमध्ये सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. बँटमवेटमध्ये जपानच्या शोहाची इशीशी त्यांची प्रदीर्घ लढत झाली. ती हरल्यावर लगेच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोव याच्याशी लढायला बोलावलं गेलं. दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळाली पाहिजे, असा नियम होता. तो नियम पंचांच्या टेबलापाशी जाऊन सांगायला एकही भारतीय अधिकारी तिथं नव्हता. थकलेले खाशाबा गादीवर उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण मिळालं, मम्मदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य; स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

ते टेबल डोळ्यांपुढं आणा. तिथं एक वाक्य हवं होतं, नियमाच्या भाषेतलं, ठाम आवाजातलं. खाशाबांच्या दंडात ताकद होती, अंगात डाव होते. त्यांच्या बाजूने बोलणारं ते एक वाक्य मात्र त्या दिवशी कुणी उच्चारलं नाही.

१५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडादिन म्हणून पाळला जातो. वारणेच्या काठावरच्या तालमींच्या वस्तादांना आणि इथल्या शाळा-कॉलेजांत इंग्रजी शिकवणाऱ्या सरांना, मॅडमना माझी हात जोडून विनंती आहे. त्या दिवशी एक तास काढा. आंतरराष्ट्रीय कुस्तीच्या नियमांचं इंग्रजी पुस्तक घेऊन पोरापोरींना गादीभोवती बसवा. एकाने वाक्य मोठ्याने वाचावं, दोघांनी ते गादीवर करून दाखवावं, बाकीच्यांनी ते आपल्या मराठीत सांगावं. सुरुवात फॉलपासून करा, ते त्यांना येतंच. मग वजनाचे नियम घ्या, आक्षेप कसा आणि कधी घ्यायचा ते घ्या, आणि दोन लढतींमधल्या विश्रांतीचा नियम प्रत्येकाकडून तोंडपाठ करून घ्या.